मूळ पुठ्ठा की नवी बांधणी?
जुन्या सचित्र बालपुस्तकांच्या संग्रहातील एका वादाचा आढावा

१८९४ साली लंडनच्या मॅकमिलन प्रकाशनाने रुडयार्ड किपलिंगचे 'द जंगल बुक' काढले, तेव्हा त्याला निळ्या कापडाची बांधणी होती आणि कापडावर सोनेरी हत्तींची छाप होती. किपलिंगचा जन्म १८६५ चा, मुंबईतला. त्याचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग त्याच वर्षी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायला आले होते आणि या पुस्तकातली काही चित्रे त्यांच्याच हातची आहेत. जुन्या पुस्तकांच्या बाजारात या पहिल्या आवृत्तीच्या प्रती आज दोन रूपांत दिसतात. एक निळ्या कापडातली: कणा उन्हाने विटलेला, कोपरे दबलेले, हत्तींचे सोने जागोजाग उडालेले. दुसरी एखाद्या नामांकित बाइंडरने नव्याने बांधलेली: बकऱ्याचे मऊ कातडे, कण्यावर सोन्याच्या वर्खाची नक्षी, आत अबरीचे अस्तर. कागद, मजकूर आणि चित्रे दोन्हींत तीच.

यांतली कोणती प्रत जपण्याजोगी, हा जुन्या सचित्र बालपुस्तकांच्या संग्राहकांमधला शंभर वर्षांचा वाद आहे. त्यात ग्रंथशास्त्राचे अभ्यासक आहेत, बाइंडर आहेत, ग्रंथालयांतले संवर्धक आहेत आणि बालपणाचा इतिहास लिहिणारेही आहेत. हा वाद कुठून आला, आज कुठे उभा आहे आणि त्यातले काय अजून सुटलेले नाही, हे या लेखात क्रमाने पाहू. उदाहरणे मुख्यतः इंग्लंडमधली आहेत, कारण हा संग्रह आणि हा वाद तिथेच सर्वांत जास्त रुजला.

पार्श्वभूमी: पुठ्ठा कोणाचा?

युरोपात कित्येक शतके पुस्तकाची बांधणी हे विकत घेणाऱ्याचे काम होते. छापलेले फॉर्मे सुटे किंवा साध्या तात्पुरत्या वेष्टनात मिळत. मालक ते आपल्या बाइंडरकडे नेई आणि ऐपतीप्रमाणे कातडे निवडी. त्या काळी 'मूळ बांधणी' या शब्दाला फारसा अर्थच नव्हता.

बालपुस्तकांचे मात्र वेगळे होते. चित्र आणि शब्द शेजारी ठेवून मुलांना शिकवण्याची मोठी वाट कोमेनियसच्या 'ऑर्बिस पिक्टस'ने १६५८ साली न्यूरेंबर्गमध्ये घालून दिली. पण बालपुस्तक ही आकर्षक, आयती मिळणारी वस्तू झाली ती लंडनच्या जॉन न्यूबेरीमुळे. १७४४ साली त्याने 'अ लिटल प्रिटी पॉकेट-बुक' सहा पेन्सला विकायला ठेवले. सोबत मुलग्यासाठी चेंडू किंवा मुलीसाठी टाचण्यांची उशी हवी असेल तर आठ पेन्स. त्याची छोटी पुस्तके 'डच' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फुलाफुलांच्या सोनेरी कागदात बांधलेली असत. मुलाचे मन आधी या कागदावर जाई, मग आतल्या गोष्टीवर. म्हणजे बालपुस्तकाचा पुठ्ठा पहिल्यापासूनच पुस्तकाचा भाग होता. तो कागद नाजूक होता आणि पुस्तके लहान हातांत होती. 'पॉकेट-बुक'च्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

१८२० च्या दशकात प्रकाशकांनी स्वतःच कापडी बांधणी करायला सुरुवात केली, पुढच्या दशकात कापडावर सोन्याची छाप मारणे जमले आणि पुठ्ठा ग्राहकाकडून प्रकाशकाकडे आला. नंतर तो चित्रकाराकडेही गेला. छपाईकार एडमंड इव्हान्सने कोरीव लाकडी ठशांवरून अनेक रंगांची छपाई साध्य केली आणि वॉल्टर क्रेन, रँडॉल्फ कॉल्डेकॉट, केट ग्रीनअवे यांची पुस्तके घरोघर पोचवली. ग्रीनअवेच्या 'अंडर द विंडो'च्या १८७९ मधल्या पहिल्या छपाईत इव्हान्सने २०,००० प्रती काढल्या. प्रकाशकाला हा आकडा धाडसाचा वाटला होता, पण त्या सगळ्या संपल्या. या पुस्तकांत मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत एकच दृष्टी दिसते.

सुवर्णकाळ आणि दुहेरी बांधणी

विसाव्या शतकाच्या आरंभी तीन रंगांच्या यांत्रिक छपाईने जलरंगांच्या छटा कागदावर उतरवता येऊ लागल्या. आर्थर रॅकहॅमचे 'रिप व्हॅन विंकल' १९०५ साली ५१ रंगीत चित्रांसह आले आणि १९०६ साली 'पीटर पॅन इन केन्सिंग्टन गार्डन्स'. एडमंड ड्युलॅकची अरेबियन नाइट्सची चित्रे १९०७ ची, तर के नील्सनचे 'ईस्ट ऑफ द सन अँड वेस्ट ऑफ द मून' १९१४ चे. रंगीत चित्रे गुळगुळीत कागदावर वेगळी छापून जाड पानांवर एका कडेने डकवलेली असत आणि त्यांवर पातळ कागदाचे आवरण असे.

अशी पुस्तके प्रकाशक दोन रूपांत काढत. एक कापडी बांधणीची सर्वसाधारण आवृत्ती, दुसरी मोजक्या प्रतींची, चित्रकाराच्या सहीची, पांढऱ्या चर्मपत्रात बांधलेली आणि रेशमी फितींनी बंद होणारी. 'पीटर पॅन'च्या अशा ५०० प्रती होत्या. चर्मपत्र हवेतल्या दमटपणाने फुगते, कोरडेपणाने आकसते आणि पुठ्ठे वाकवते. त्या फिती शोभेच्या होत्या तशाच पुठ्ठे धरून ठेवण्याच्याही.

हाताने बांधणी करण्याच्या कलेलाही याच सुमारास नवी उभारी आली होती. कॉब्डेन-सँडरसनने १८९३ मध्ये डव्ह्ज बाइंडरी काढली. सँगोर्स्की आणि सटक्लिफ यांनी १९०१ मध्ये लंडनमध्ये दुकान थाटले. रिव्हिएर आणि बाथ शहरातले बेंटन ही नावे संग्राहकांच्या तोंडी असत. श्रीमंत ग्राहक अ‍ॅलिस, जंगल बुक, रॅकहॅम ही पुस्तके त्यांच्याकडे पाठवू लागले. रंगीत कातड्याचे तुकडे जोडून पुठ्ठ्यावर ससा, राणी, पत्त्यांचे शिपाई उभे करणाऱ्या 'केलीग्रॅम' बांधण्या, किंवा काचेखाली हस्तिदंतावरची सूक्ष्मचित्रे बसवलेल्या 'कॉस्वे' बांधण्या ही त्या काळाची देणगी आहे. वादाच्या दोन्ही बाजू इथे जन्मल्या: प्रकाशकाने कलावस्तू म्हणून घडवलेला पुठ्ठा, आणि बाइंडरने त्याच्या जागी घडवलेली दुसरी कलावस्तू.

संग्रह कसे उभे राहिले

बालपुस्तके संग्रहाच्या लायकीची आहेत हे मान्य व्हायलाच वेळ लागला. जर्मनीत वॉल्टर बेन्यामिन स्वतः अशी पुस्तके जमवत होता आणि विस्मरणात गेलेल्या बालपुस्तकांवर त्याने १९२४ मध्ये लिहिले. पॅरिसच्या गुमुशियान या पुस्तकविक्रेत्यांनी १९३० मध्ये बालपुस्तकांची सहा हजारांवर नोंदींची यादी काढली. हार्वे डार्टनचा इंग्लंडमधल्या बालपुस्तकांचा इतिहास १९३२ चा. पाठोपाठ १९३३ मध्ये अमेरिकेतल्या रोझेनबाखने आपल्या संग्रहाची सूची छापली.

पुढे खासगी संग्रह सार्वजनिक झाले. डर्बीशायरचे ग्रंथपाल एडगर ऑस्बोर्न यांनी १९४९ मध्ये सुमारे २,००० पुस्तके टोरांटोच्या सार्वजनिक ग्रंथालयाला दिली, कारण मुलांसाठी इतक्या आस्थेने चाललेले ग्रंथालय त्यांनी तिथे पाहिले होते. आयोना आणि पीटर ओपी या दांपत्याचा सुमारे २०,००० पुस्तकांचा संग्रह १९८८ मध्ये ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आला. प्रिन्स्टनमध्ये लॉइड कॉट्सेनचा आणि फ्लोरिडा विद्यापीठात रूथ बाल्डविनचा संग्रह आहे. पुस्तके घराच्या कपाटातून वाचनकक्षात आली आणि 'कोणत्या अवस्थेत जपायचे' हा प्रश्न खासगी आवडीपुरता राहिला नाही.

पहिली भूमिका: मूळ अवस्था हाच पुरावा

१९३० च्या सुमारास मायकेल सॅडलियर आणि जॉन कार्टर यांनी प्रकाशकाच्या बांधणीचा शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू केला. सॅडलियरचा ग्रंथ १९३० चा, कार्टरचा १९३२ चा. त्यांची मांडणी अशी: कापडाचा पोत, छापेचा नमुना, अस्तराचा कागद, शेवटी जोडलेल्या जाहिराती यांतून पुस्तक कधी छापले, कधी बांधले आणि कोणासाठी विकले हे कळते. पुठ्ठा बदलला की ही साक्ष जाते.

बीट्रिक्स पॉटरचे 'पीटर रॅबिट' हे याचे उत्तम उदाहरण. डिसेंबर १९०१ मध्ये तिने स्वखर्चाने २५० प्रती छापल्या, थोड्याच दिवसांत आणखी २००. ऑक्टोबर १९०२ मध्ये फ्रेडरिक वॉर्नने रंगीत आवृत्ती काढली. १९०३ मध्ये वॉर्नने चित्रांचे अस्तर आणले आणि त्याला जागा करण्यासाठी आतली चार चित्रे गाळली. म्हणजे अस्तराचा कागद पाहूनच छपाईचा क्रम ओळखायला मदत होते. नव्या बांधणीत जुने अस्तर फेकले की हा दुवा तुटतो.

दुसरा मुद्दा विश्वासाचा. थॉमस वाइज या ख्यातनाम संग्राहकाने ब्रिटिश म्युझियमच्या प्रतींतली पाने काढून आपल्या किंवा विक्रीच्या प्रती पूर्ण केल्या, हे डेव्हिड फॉक्सनने १९५० च्या दशकात दाखवून दिले. ती पुस्तके जुनी नाटके होती, पण धडा सर्वांनाच लागू पडतो: सुंदर नवी बांधणी आत काय बदलले ते झाकू शकते.

कागदी वेष्टनाचे महत्त्वही याच विचारातून वाढले. 'द हंटिंग ऑफ द स्नार्क' निघण्याच्या वेळी, १८७६ मध्ये, लुईस कॅरलने प्रकाशकाला सुचवले होते की वेष्टनावर नाव छापावे, म्हणजे पुस्तक वेष्टनातच ठेवता येईल आणि स्वच्छ राहील. त्या काळातली बहुतेक वेष्टने लोकांनी फाडून टाकली; म्हणून उरलेली मोलाची ठरली.

या भूमिकेवरचा आक्षेपही वजनदार आहे. कोऱ्या करकरीत प्रतीला सर्वोच्च मान दिला, की मुलाने कधीच न उघडलेले पुस्तक सर्वांत मोलाचे ठरते. शिवाय वेष्टन एका प्रतीवरून काढून दुसरीवर चढवता येते, त्यामुळे 'मूळ' या शब्दाचीही खात्री राहत नाही.

दुसरी भूमिका: उत्तम बांधणी हीही पुस्तकाची सेवा

बाइंडर आणि त्यांचे चाहते सांगतात की बालपुस्तके आपल्यापर्यंत पोचतात तीच मुळी खिळखिळी होऊन. जुजबंदीचा दोरा तुटलेला, कणा निघालेला, डकवलेली चित्रे सुटलेली. त्यांना तसेच ठेवणे म्हणजे एकेक पान गमावणे. नव्या शिवणीने आणि मजबूत पुठ्ठ्याने कितीतरी प्रती वाचल्या. ज्या परंपरेत मालकच बांधणी करून घेई, ती प्रकाशकाच्या कापडापेक्षा फार जुनी आहे, याचीही ते आठवण देतात.

त्यांचा तिसरा युक्तिवाद कलेचा आहे. एक कारागीर आठवडेच्या आठवडे एका प्रतीवर काम करतो, कातडे कागदाइतके पातळ तासतो, तापलेल्या पितळी ठशांनी वर्ख बसवतो. ती वस्तू स्वतःच इतिहास होते. विसाव्या शतकाच्या आरंभीची सँगोर्स्कीची बांधणी आज काढून टाकून 'मूळ रूप' आणायचे कोणी म्हणणार नाही. चांगले बाइंडर जुने कापडी पुठ्ठे आणि कणा पुस्तकाच्या शेवटी जपून बांधतात. त्यामुळे पुरावाही राहतो आणि पुस्तकही टिकते, असे ते म्हणतात.

विरुद्ध बाजू दोन गोष्टी दाखवते. जुन्या पद्धतीच्या बांधणीत पानांच्या कडा बऱ्याचदा कापल्या जात; त्यात समास जातो, कधी चित्राची कडाही जाते. आणि बाइंडरला सजवण्यासाठी हवी असते ती आतून स्वच्छ प्रत. म्हणून मोडकी पुस्तके वाचवण्याच्या नावाने धडधाकट कापडी प्रतीही कातड्यात गेल्या आहेत. सगळेच कातडे टिकाऊ असते असेही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली कितीतरी कातडी हात लावताच तांबूस भुकटी सोडतात. या ऱ्हासाची कारणे शोधण्यासाठी लंडनमध्ये समिती नेमावी लागली आणि १९०१ मध्ये तिचा अहवाल आला.

तिसरी भूमिका: परत फिरवता येईल तेवढेच करा

४ नोव्हेंबर १९६६ रोजी फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीचा पूर आला आणि राष्ट्रीय ग्रंथालयातली लाखो पुस्तके चिखलात गेली. पीटर वॉटर्ससारखे बाइंडर मदतीला धावले. इतक्या पुस्तकांना एकाच वेळी हात घालताना जुन्या कोणत्या बांधण्या पुरातही टिकल्या आणि कोणत्या फुटल्या, हे डोळ्यांसमोर आले. आधुनिक ग्रंथसंवर्धनाची शिस्त तिथे घडली.

तिची तत्त्वे सोपी आहेत. शक्य तितका कमी हात लावावा. गव्हाची किंवा तांदळाची खळ आणि जपानी कागद वापरावा, म्हणजे पुढे पाण्याने सोडवता येईल. केलेल्या कामाची लेखी नोंद ठेवावी. आणि पुष्कळदा सर्वांत चांगली दुरुस्ती म्हणजे मापाची, आम्लरहित पुठ्ठ्याची पेटी. पेटीत मोडके पुस्तक मोडकेच राहते, पण आणखी मोडत नाही.

पहिल्या दोन्ही पक्षांना ही भूमिका काही अंशी पटते, म्हणून आज ग्रंथालयांमध्ये तिचाच वरचष्मा आहे. तिचीही मर्यादा आहे. पेटीतले पुस्तक उघडून वाचायचे तर कधीतरी शिवण धड असावीच लागते. म्युनिकच्या लोथार मेगेनडॉर्फरच्या हलत्या चित्रांच्या पुस्तकांत तर प्रश्न अधिकच अवघड होतो. पट्टी ओढली की तांब्याच्या बारीक तारेवर फिरणारे हातपाय एकदम हलतात. चालवले तर झिजते. न चालवले तर ते पुस्तकच राहत नाही.

चौथी भूमिका: मुलाचा हात

सर्वांत अलीकडची बाजू इतिहासकारांची आहे. मॅथ्यू ग्रेन्बी यांनी 'द चाइल्ड रीडर' (२०११) या अभ्यासात जुन्या बालपुस्तकांच्या हजारो प्रतींमधली नावे, अर्पणाच्या ओळी, रेघोट्या वाचल्या आणि कोणती मुले काय वाचत होती याचा शोध घेतला. बक्षीस म्हणून चिकटवलेली चिठ्ठी, काळ्या-पांढऱ्या चित्रात कोणी भरलेला रंग, भावाचे नाव खोडून लिहिलेले बहिणीचे नाव: विक्रेत्यांच्या यादीत हे सारे दोष असतात. इतिहासकाराला ते एकमेव साक्षीदार वाटतात, कारण मुले आपल्या वाचनाविषयी दुसरीकडे फारसे लिहून ठेवत नाहीत.

'अ‍ॅलिस'ची कथा इथे आठवते. १८६५ च्या पहिल्या छपाईत चित्रे नीट उमटली नाहीत अशी चित्रकार टेनिएलची तक्रार होती, म्हणून कॅरलने २,००० प्रतींची ती छपाई मागे घेतली. वाटलेल्या प्रती परत मागवून त्या मुलांच्या रुग्णालयांना दिल्या आणि उरलेले फॉर्मे न्यूयॉर्कच्या अ‍ॅपल्टनला विकले. त्या छपाईच्या आज जेमतेम दोन डझन प्रती माहीत आहेत. आजारी मुलांच्या हातून गेलेली अशी एखादी प्रत समोर आली, तर तिच्यावरचे डाग धुवावेत की राखावेत, यावर या अभ्यासकांचे उत्तर ठाम आहे: राखावेत. आक्षेप असा की डागांत बुरशी आणि आम्लही असते. सगळे राखले तर कागद राहत नाही.

कुठे एकमत, कुठे नाही

चारही बाजूंच्या बोलण्यातून काही गोष्टी आता जवळजवळ सर्वमान्य झाल्या आहेत. धडधाकट मूळ बांधणी काढू नये. जुनी ऐतिहासिक नवबांधणीही काढू नये. नवे काम करायचे तर कडा कापू नयेत, जुना पुठ्ठा आणि अस्तर टाकू नये. विकताना काय बदलले ते सांगावे.

पण बरेच उरते. पहिला प्रश्न सुट्या चित्रांचा. रॅकहॅम-ड्युलॅकची चित्रे एका कडेनेच डकवलेली असल्याने पुस्तक मोडून ती चौकटीत विकणे सोपे आहे. आधीच अपुरी झालेली प्रत मोडणे योग्य का, यावर एकवाक्यता नाही. दुसरा प्रश्न बनावट नसलेल्या नकलेचा: हरवलेले पान किंवा वेष्टन हुबेहूब छापून घातले आणि तसे नोंदवले तरी पुढच्या मालकापर्यंत ती नोंद पोचेलच याची हमी कोण देणार?

तिसरा प्रश्न नवा आहे आणि आरोग्याचा आहे. अमेरिकेतल्या विंटरथर संग्रहालयात २०१९ मध्ये एकोणिसाव्या शतकातल्या झळझळीत हिरव्या कापडी पुठ्ठ्यांत आर्सेनिकयुक्त रंग सापडला आणि तेव्हापासून अनेक ग्रंथालये आपली हिरवी पुस्तके तपासत आहेत. मूळ पुठ्ठा पवित्र मानणाऱ्यांपुढे आता तोच पुठ्ठा हातमोज्यांशिवाय हाताळू नये अशी सूचना आली आहे. अशी पुस्तके वाचकाला कशी द्यायची याची पद्धत अजून बसायची आहे.

चौथा प्रश्न संगणकीय प्रतींचा. बाल्डविन संग्रहातली हजारो पुस्तके पडद्यावर खुली आहेत. त्यामुळे मूळ प्रती कमी हाताळल्या जातात, हा मोठा लाभ. पण वर्खाची चमक, चर्मपत्राचा गारवा, ओढायच्या पट्टीचा ताण पडद्यावर येत नाही. मजकूर सुरक्षित झाला म्हणजे वस्तूची गरज संपली असे कोणी खर्च कपातीच्या वेळी म्हणाले, तर त्याला द्यायचे उत्तर अजून पुरेसे तयार नाही.

आपल्या कपाटांपाशी

मराठीत या वादाला थेट समांतर परंपरा नाही, पण प्रश्न ओळखीचा आहे. इसापनीतीचे मराठी रूप तंजावरात सरफोजीराजांच्या छापखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच छापले गेले. विनायक कोंडदेव ओकांचे 'बालबोध' १८८१ चे, वासुदेव गोविंद आपट्यांचे 'आनंद' १९०६ चे. अशा मासिकांचे अंक आपल्या वाचनालयांत वर्षावर्षाचे एकत्र बांधले गेले. बांधताना बाइंडर मुखपृष्ठे आणि जाहिराती काढून टाकी, कडा सरळ कापी आणि वर जाड कापड चढवी. एका जुन्या वाचनालयात मी अशा बांधीव खंडाची पाने उलटली आहेत. आतला मजकूर धड होता, शिवण पक्की होती. मुखपृष्ठ मात्र एकाही अंकाचे उरले नव्हते. कसर, वाळवी आणि चार महिन्यांचा दमट पावसाळा यांतून तो खंड वाचला, तो त्या बांधणीमुळेच. आणि त्या काळच्या मुलांनी पोस्टमनच्या हातून अंक घेताना जे चित्र पहिले पाहिले असेल, तेही त्या बांधणीमुळेच गेले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

बालभारतीने १९७१ पासूनचे 'किशोर'चे अंक मुखपृष्ठांसह संकेतस्थळावर खुले केले आहेत. त्यांची चित्रे तरी आता वाचली. त्याआधीच्या सचित्र बालपुस्तकांच्या मूळ प्रती घराघरांतल्या माळ्यांवर असतील. त्यांच्यासाठी युरोपातल्या या शंभर वर्षांच्या वादातून घेण्यासारखी एक गोष्ट आजच करता येते आणि तिला खर्च जवळजवळ नाही. पुस्तक बाइंडरकडे देण्याआधी त्याचे जसे आहे तसे छायाचित्र घ्यावे. निघालेला पुठ्ठा आणि अस्तर कागदी पाकिटात घालून पुस्तकासोबत ठेवावे. आणि काय केले, कधी केले, हे एका चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून आत सरकवावे. उद्या कोणी वेगळा निर्णय घेऊ म्हणेल, तर त्याच्या हाती निर्णय घेण्याजोगे काहीतरी उरलेले असेल.